पिवळा रंग खरवडल्यावर

२९ मार्च

लांबोडी,

या नावानं हाक मारायचा हक्क मला अजून आहे का, ठाऊक नाही. आधी तुझ्या खऱ्या नावानं सुरुवात केली होती, पण ते बँकेला लिहिलेल्या अर्जासारखं वाटायला लागलं, म्हणून फाडलं.

दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आत मीच सांगते. तुझ्या आईची चित्रं मी आपल्या गॅलरीत लावली.

घे. सांगून टाकलं. आता हवं तर पत्र इथंच घडी करून ठेव.

तू जाताना काय म्हणालीस ते मला पाठ आहे. "ती चित्रं म्हणजे ती दार आतून लावून बसायची ते तास. ते तास माझे होते. ते तू विकायला ठेवू नकोस." आणि ठेवलीस तर या दारात पाय ठेवणार नाही, असंही म्हणाली होतीस. मी ठेवली नव्हती, तरी तू गेलीसच. त्यानंतरही इतकी वर्षं ठेवली नाहीत. का, ते तुलाही कळतंय आणि मलाही, तेव्हा राहू दे.

पण मावशी थकल्या गं. गुडघे गेलेत, एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. हिवाळ्यात त्यांच्याकडे गेले होते, तर सगळी चित्रं वरच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून उभी, शिक्षा केलेल्या मुलांसारखी. मी म्हटलं, "मावशी, लावूया का आता?" म्हणाल्या, "तुझी मर्जी. मी काही नटूनथटून येणार नाही." आल्या त्या मात्र गळ्यात मोत्यांची माळ घालून.

उद्घाटनाला बरेच लोक आले. आपल्या गल्लीपलीकडचे दाताचे डॉक्टर तर आल्या आल्या स्वयंपाकघराच्या मोठ्या चित्रापुढे उभे राहिले ते हललेच नाहीत. तुमचं जुनं स्वयंपाकघर. टेबल, खुर्ची, खिडकी, आणि सगळ्यावर दिव्याचा ऊबदार पिवळा उजेड. आत्ता कुणीतरी जेवायला हाक मारेल असं वाटावं असा. म्हणाले, "माझ्या वेटिंग रूममध्ये हेच हवं. दात काढायला आलेल्या माणसाला जरा धीर येईल." मी लगेच विकल्याचा लाल ठिपका चिकटवला. मावशी कोपऱ्यातल्या खुर्चीवरून बघत होत्या.

त्यानंतर तीन-चार दिवसांतच सगळं बंद करायचा हुकूम आला. तुझ्याकडेही तेच असणार. दिवे मालवले, दाराला कुलूप लावलं, चित्रं भिंतीवर तशीच आहेत.

तुझा फोन नंबर आता लागत नाही. पत्ता मावशींनी दिला. कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवलाय त्यांनी. पोस्ट चालू आहे म्हणतात. बघू.

---

१९ एप्रिल

लांबोडी,

तुझं उत्तर नाही. मी धरूनच चालले होते.

गॅलरीत एक दिवसाआड जाऊन येते. परवानगीचा कागद खिशात घेऊन, मास्क लावून, चोरासारखी. घरमालकांनी वरच्या मजल्याच्या खिडकीतून बघितलं की मी हात हलवते, ते हलवत नाहीत. माणूस वाईट नाही, घाबरलाय. त्यांना फोनवर सांगितलंय की दवाखाने उघडले की डॉक्टर चित्र नेतील, तेव्हा आधी तुमचं भाडं. त्या एका चित्राच्या भरवशावर थांबलेत ते.

उत्तरेकडच्या भिंतीला परत ओल धरायला लागली आहे. तुला आठवत असेल, पांढरा कुठला लावायचा यावरून आपण दोघी दिवसभर भांडलो ती भिंत. हवा खेळती नाही, पंखे बंद, माणसांचा श्वाससुद्धा नाही. भिंतीवरची चित्रं उतरवून मधोमध टेबलांवर आडवी ठेवली. दालन आजारी माणसांच्या खोलीसारखं दिसायला लागलंय, म्हणून हल्ली आत गेलं की मी आधी चप्पल मुद्दाम वाजवते.

आणि त्यात तुझी आई. रोज फोन. पहिल्या दिवशी म्हणाल्या, "ते स्वयंपाकघराचं चित्र मला परत दे."

मी म्हटलं, "मावशी, ते विकलं गेलंय."

"गेलंय कुठं? तुझ्याकडेच आहे ना?"

"हो, पण डॉक्टरांचं आहे आता."

"डॉक्टरला काय कळतं? ते चुकलंय. मी उद्घाटनाला लांबून बघितलं तेव्हाच कळलं. घरी चित्रापासून इतकं लांब जाता येत नव्हतं, भिंत आड यायची."

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. मी समजूत घातली, चिडले, एकदा फोन उचललाच नाही. मग शेजारणीच्या फोनवरून केला! या बाईपुढे मी हात टेकले. घरात एकट्या बसून त्यांच्या डोक्यात तेवढं एक चित्र घोळतंय.

मी तुझ्याकडे तक्रार करते आहे. कोणाकडे करू? त्या तुझ्या आई आहेत.

---

२४ मे

लांबोडी,

मी चित्र नेऊन दिलं.

शहाणपणा केला का, विचारू नकोस. डॉक्टरांना फोन करून सांगितलं, "चित्रात थोडी दुरुस्ती करायची म्हणतात." ते त्यांच्याच काळजीत होते, म्हणाले, "करू द्या की, घाई कुणाला आहे?" मी दुरुस्ती हाच शब्द वापरला, कारण मला स्वतःला तेवढंच वाटत होतं. एखादी सावली, एखादी कड.

रिक्षा नाहीत, टेम्पो नाहीत. चित्र चादरीत गुंडाळून मी आणि आपल्या फ्रेमवाल्यानं दोन बाजूंनी धरून नेलं, मोकळ्या रस्त्यातून. चौकात पोलिसानं अडवलं. "काय आहे?" "चित्र आहे." "कुठं नेताय?" "ज्यांनी काढलं त्यांच्याकडे." त्यानं चादर उचलून बघितलं, बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, "जा. बाईंना सांगा, छान आहे." मी मावशींना सांगितलं. त्या म्हणाल्या, "त्यालाही कळत नाही."

तेव्हापासून आठवड्यातून दोनदा जाते. दूध, पाव, फळं, औषधं घेऊन. सुरुवातीला दारातच पिशवी ठेवायचे. मग एकदा त्यांना रंग पातळ करायच्या टर्पेंटाइनच्या बाटलीचं झाकण उघडेना, आत गेले. मग जातच राहिले. खिडक्या उघड्या ठेवायचो, मी दाराजवळच्या स्टुलावर बसायचे.

एक दिवस गेले तर सुरी घेऊन पिवळा रंग खरवडत होत्या गं. टेबलावरचा, भिंतीवरचा, खुर्चीच्या पाठीवरचा. फरशीवर पिवळा भुगा पडलेला. मी ओरडले, "मावशी, हे काय करताय? त्यांनी ह्या उजेडासाठी घेतलंय चित्र!"

त्यांनी मान वर केली नाही. म्हणाल्या, "हा उजेड खोटा आहे."

"म्हणजे?"

"अगं, त्या वेळी स्वयंपाकघरात दिवा कुठं असायचा? मी वर असायचे, दार लावून. तिचे बाबा कायम फिरतीवर. दिवा लावणार कोण?" आणि परत खरवडायला लागल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "बटण वर होतं. तिचा हात पुरत नव्हता."

त्यांचे शब्द आहेत तसे लिहिले. त्यात मी माझ्या पदरचं काही घातलेलं नाही. तुझं नाव त्यांनी घेतलं नाही. मीही काढलं नाही.

तेव्हाच चित्र उचलून परत न्यायला हवं होतं. नेलं नाही. घरी येताना घरमालकांच्या खिडकीकडे बघायचं टाळलं.

---

१२ जून

लांबोडी,

आज थोडंच. अक्षराकडे दुर्लक्ष कर, पडल्या पडल्या लिहितेय. जरा ताप आहे, हवाबदलाचा असेल. मावशींनाही खोकला झालाय, शेजारीण त्यांच्याकडे बघते. गॅलरीची चावी फ्रेमवाल्याकडे दिली आहे, तो ओलीकडे लक्ष ठेवेल.

पत्र टाकायलाही शेजाऱ्यांनाच सांगावं लागेल. माझा नवा नंबर खाली लिहिते. वापरच असं नाही.

---

३० जून

लांबोडी,

तुझा मेसेज आला. इतक्या वर्षांनी तुझा एक शब्द, आणि तो प्रश्न. "तिनं माझ्याबद्दल विचारलं का?"

फोनवर उत्तर टाइप करायला घेतलं होतं, पण अशा प्रश्नाचं उत्तर अंगठ्यानं द्यायचं नसतं. नुसतं "पत्र पाठवते" म्हणून कळवलं.

नाही. विचारलं नाही.

"सारखी तुझीच आठवण काढतात" असं मला सहज लिहिता आलं असतं. शेजारणीनं तोच सल्ला दिला. पण तू त्या घरात वाढली आहेस, तुला लगेच कळलं असतं. मावशींचा खोकला वाढला, त्यांना दवाखान्यात हलवावं लागलं. ॲम्ब्युलन्समध्ये बसताना मला फोनवर काय म्हणाल्या सांगू? "चित्र तसंच ठेव, कपडा टाकू नकोस, ओलं आहे." एवढंच.

दवाखान्यात कुणालाच आत सोडत नाहीत. संध्याकाळी एक नर्स त्यांच्या कानाशी फोन धरते. दम लागतो म्हणून बोलत नाहीत, मीच बोलते. भिंतीची ओल, फ्रेमवाल्याच्या कुरबुरी, पाऊस आहे की ऊन. नर्स म्हणते, ऐकतात. एकदा मी म्हटलं, "मावशी, तिला मी पत्रं लिहिते हं." पलीकडून नुसती घरघर. मग नर्स म्हणाली, "बोट हलवलं आजींनी." कसं हलवलं, मी विचारलं. नर्स हसली. "हलवलं, एवढंच दिसलं हो."

आता जे गेल्या पत्रात लिहिलं नाही ते लिहिते. ताप हवाबदलाचा नव्हता. जूनच्या सुरुवातीला मी त्यांच्या खोलीत बसले होते. टर्पेंटाइनची बाटली उघडी होती, चिंध्या भिजलेल्या, आणि मला कसलाच वास येत नव्हता. मी बाटली नाकाशी नेली. पाणी हुंगावं तसं. तिथल्या तिथं उठले, काही न बोलता निघाले. मावशी मागून म्हणत होत्या, "अगं ए, चहा टाकलाय ना!" मी जिन्यात पोचले होते.

हा आजार मी त्यांना दिला, की पेपरवाल्यानं मला, की त्यांनीच मला, कोण सांगणार? दवाखान्यातले डॉक्टर म्हणतात, शोधून उपयोग नाही. माझा ताप उतरला. धाप लागते, जिना दोन टप्प्यांत चढते. त्या अजून तिथंच आहेत.

तुला माझा राग आला असेल तर त्यात नवीन काय आहे? पण तू इथं असतीस तर काय झालं असतं, हे मी एकदाही म्हटलेलं नाही. विमानं बंद आहेत ते मला माहीत आहे.

---

२३ ऑगस्ट

लांबोडी,

मावशी घरी आल्या हे तुला मेसेजनं कळवलंच. तू नुसतं "बरं" लिहिलंस. तेही मी दोनदा वाचलं.

अर्ध्या झाल्यात. ऑक्सिजनचं मशीन पलंगाशी आहे. दिवसभराची बाई ठेवली आहे, तिच्याशी पहिल्याच दिवशी भांडल्या, म्हणजे सुधारतायत. उजवा हात थरथरतो. ब्रश धरला की टोक गोल गोल फिरतं. पण त्या आजारी पडायच्या आधीच चित्र बहुतेक पुरं झालं होतं. टेबलाच्या पायाशी एक तुकडा राहिलाय.

कसं झालंय, सांगते. तेच टेबल, तीच खुर्ची, तीच खिडकी. उजेड मात्र बाहेर आहे, मावळतीचा, राखाडी निळा, आणि तो खिडकीच्या कठड्यावरच संपतो. आत काळोख व्हायला लागलाय. खुर्ची जराशी मागे ओढलेली. कुणी नाही. मी वीस वर्षं चित्रं बघायचा धंदा करते, तरी मला त्याच्यासमोर बसवेना.

डॉक्टरांनी दवाखाना उघडला आणि मंगळवारी चित्र बघायला मावशींकडे आले. मी बरोबर होते. बिचाऱ्यांचा चेहरा पडला. मावशींना ऐकू जाऊ नये म्हणून मला जिन्यात नेऊन म्हणाले, "हे ते नाही हो."

"तेच आहे."

"तसं नव्हे. चित्र मोठं आहे, मला तेवढं कळतं. पण माझ्याकडे माणसं आधीच घाबरलेली येतात. ती हे बघून परत जातील. मला तो उजेड हवा होता." मग ओशाळून म्हणाले, "तुम्ही दुरुस्ती म्हणाला होतात."

म्हणाले होतेच मी. त्यांनी दिलेला ॲडव्हान्स परत केला. ते नको नको म्हणत होते, मी खिशात कोंबला.

दुसऱ्या दिवशी घरमालकांना सगळं खरं सांगितलं. ते जिन्याच्या वरच्या पायरीवर, मी खालच्या. म्हणाले, "तुमच्या जागी मी ते चित्र हलूच दिलं नसतं." मग म्हणाले, पार्सलवाली एक कंपनी जागा मागते आहे, केव्हाची. मी म्हटलं, द्या.

इतकं सोपं होतं ते. एकच अक्षर. मला वाटलं होतं, रडू येईल. पण बाहेर येऊन बाकावर बसले आणि मनात आलं, उद्यापासून ओलीची काळजी नाही. मग त्याचीच लाज वाटली.

पुन्हा तशी वेळ आली तर चित्र नेऊन देईन का? रोज वेगळं उत्तर येतं.

मावशींना गॅलरीचं अजून सांगितलेलं नाही.

---

१८ ऑक्टोबर

लांबोडी,

गॅलरी रिकामी झाली. दिव्यांच्या पट्ट्या फ्रेमवाल्यानं काढून नेल्या. भिंतीतले खिळे उपटून भोकं बुजवायला मी आणि तो दोघंच होतो. एकेका भिंतीत इतकी भोकं, जणू कुणी छर्रे मारलेत. काही तू ठोकलेली, वाकडी. भोकांत पुट्टी भरून, वरून पांढरा मारला. दुसऱ्या दिवशी पार्सलवाल्यांची माणसं आली, खोके ठेवायला लागली, आणि दुपारपर्यंत ती जागा कधी आपली होती असं सांगूनही कुणाला खरं वाटलं नसतं.

मी आता फ्रेमवाल्याच्या दुकानात सकाळची बसते. गिऱ्हाईक फोटो घेऊन येतं, कुठली चौकट शोभेल ते सांगायचं. या वर्षी फोटो फार येतात. बहुतेक एकट्या माणसाचे, घाईत मोठे करून आणलेले. मी साधी चौकट सुचवते.

मावशींना शेवटी सांगावंच लागलं. ऐकून घेतलं. म्हणाल्या, "माझ्या चित्रामुळं?" मी म्हटलं, "नाही, सगळ्यांचाच धंदा बसलाय." त्यांनी माझ्याकडे निरखून बघितलं. मग म्हणाल्या, "तू शहाणी असशील असं मला वाटायचं." पण माझा हात हातात घेऊन बसल्या होत्या तेव्हा, बराच वेळ. हे तू कधी बघितलं नसशील. मीही पहिल्यांदाच.

आता तुझ्या मेसेजबद्दल. चित्राचा फोटो मी तुला त्यांना न विचारता पाठवला होता. चार दिवस काही नाही. मला वाटलं, संपलं. मग परवा तुझं ते वाक्य आलं. "टेबल इतकं बुटकं नव्हतं. मी उभी राहिले की माझी हनुवटी त्याच्या कडेला लागायची."

मी दुकानातून तडक मावशींकडे गेले. त्या खिडकीशी बसल्या होत्या, नाकाला नळी, समोर चित्र. म्हटलं, "मावशी, तिला मी चित्राचा फोटो पाठवला होता. रागावू नका. तिचं उत्तर आलंय." आणि वाचून दाखवलं.

मशीनचा आवाज मोठा. मला वाटलं, नीट ऐकू गेलं नाही, म्हणून परत वाचायला लागले, तर हातानं थांबवलं.

"किती वर्षांची होती तेव्हा?"

"मला काय माहीत, मावशी?"

"मलाही आठवत नाही," त्या म्हणाल्या. मग डोळे बारीक करून चित्राकडे बघत राहिल्या. हनुवटीला हात लावला, स्वतःच्या, आणि तो हात हवेत तसाच खाली नेला, टेबल मापत असल्यासारखा. "बरोबर आहे तिचं. मी उभ्यानं बघितलेलं टेबल काढलंय. ती खालून बघायची."

"मग आता?"

"आता काय? उंच करायला हवं." ब्रश उचलला, टोक थरथरायला लागलं, परत ठेवला. चिडल्या. दिवसभराच्या बाईवर, माझ्यावर, मशीनवर. म्हणाल्या, "तिला लिही. म्हणावं, एवढं आठवतंय तर ये आणि दाखव, कड कुठपर्यंत यायची ते. फोनवरून टेबल मोजता येत नाही. माझा हात धरायला कुणीतरी लागेल."

मी म्हटलं, "मी धरते की."

"तुला कुठं माहीत आहे ते टेबल?" म्हणाल्या.

तर हा निरोप. जसा आला तसा देते आहे. विमानं सुरू झाली आहेत असं पेपरात वाचलं. पंधरा दिवस वेगळं राहावं लागतं, त्याला माझी पुढची खोली रिकामी आहे. तू यावंस असं मी म्हणत नाही. येऊ नकोस असंही नाही.

इतके महिने तुझं त्यांना आणि त्यांचं तुला सांगत आले. दमले गं मी. त्यांचा नंबर अजून तोच आहे, घरातला, तुला पाठ असलेला. दुपारी चारनंतर त्या जाग्या असतात. बाई उचलेल, तिला सांग, मुलगी बोलतेय.